लेझर चालू करण्याआधी: सूक्ष्मसुयांच्या साच्याची तयारी

सूक्ष्मसुया म्हणजे औषध त्वचेतून आत पोचवणाऱ्या पट्टीवरच्या बारीक सुया. लेझरने ॲक्रिलिकमध्ये खळगे कोरायचे, त्यांवरून सिलिकोनचा साचा घ्यायचा आणि त्यात औषधाचं द्रावण सुकवून सुया करायच्या. आधी सुईची लांबी ठरवा, यंत्र नंतर. औषधाला अडवणारा त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम १०-२० मायक्रोमीटर जाड असतो, पण म्हणून तेवढीच सुई पुरत नाही. त्वचा टोचली जाण्याआधी आत दबते. ५०० ते ८०० मायक्रोमीटरपासून सुरुवात केलेली बरी.

कार्बन डायऑक्साइड लेझरसाठी ॲक्रिलिक घ्या. १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबी ते उत्तम शोषतं आणि स्वच्छ वाफ होऊन उडतं. पॉलिकार्बोनेट काळं पडतं. पीव्हीसी तर यंत्राजवळही नको, त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसंही जाळतो आणि यंत्राचे भागही गंजवतो. ॲक्रिलिकची वाफ पेट घेऊ शकते, तेव्हा एक्झॉस्ट चालू ठेवा आणि यंत्र सोडून चहाला जाऊ नका. गॉगल तरंगलांबी बघूनच उचला.

आता फोकस. इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. झोत मध्यभागी तीव्र आणि कडेला मंद असतो, म्हणूनच खळगा आपोआप शंकूसारखा कोरला जातो. फोकस सरकला की टोक बोथट होतं, आणि बोथट सुई कितीही मजबूत असली तरी त्वचेत शिरायला जास्त जोर मागते. टाकाऊ तुकड्यावर शक्ती आणि वेग बदलत खळग्यांची जाळी काढा, तुकडा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली खोली मोजा, आकडे तिथल्या तिथे वहीत लिहा. उद्या आठवत नाहीत.

खळग्यांत सिलिकोन ओतून सुया मिळतात, त्यांवर पुन्हा सिलिकोन ओतलं की साचा. मध्ये सुटा करणारा लेप विसरलात तर दोन्ही थर एकजीव होतात. रेझिन आणि हार्डनर १०:१, मग व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा. हातमोजे नायट्राइलचे घ्या. लॅटेक्समधल्या गंधकामुळे सिलिकोन चिकटच राहतं. यात माझा एक आख्खा आठवडा गेला आहे!

या पद्धतीत औषधाला लेझरची आच लागत नाही, हा मोठा फायदा. औषध मिसळलेलं पीव्हीपीचं (पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचं) द्रावण साच्यात ओता, सेंट्रिफ्यूजने गरगर फिरवून टोकापर्यंत पोचवा, सावकाश सुकवा. पीव्हीपी हवेतला ओलावा पटकन ओढतं, म्हणून पट्टी लगेच डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, ठेवा. सुया टोचून बघायच्या चाचणीसाठी पॅराफिल्मच्या (मेणचट, लवचिक पातळ पत्र्याच्या) आठ घड्या आणि डुकराच्या कानाची त्वचा आदल्या दिवशीच तयार असू द्या. छिद्रं दिसायला मेथिलीन ब्लू हा निळा रंग लागेल.