भ्रष्टाचाराचं सर्वेक्षण करताय? या चुका टाळा

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या जागतिक संस्थेचा भ्रष्टाचार धारणा निर्देशांक आला की मथळा ठरलेला: भारत घसरला! 2023 मध्ये शंभरपैकी 39 गुण (जास्त गुण म्हणजे भ्रष्टाचार कमी), 93वा क्रमांक. 2024 मध्ये 38 गुण, 96वा. गुण एकच गेला. क्रमांक तर दुसरे देश वर-खाली झाले तरी हलतो. गुण बघा.

शिवाय हा निर्देशांक सामान्य माणसाला काही विचारतच नाही. त्यात तज्ज्ञ आणि उद्योजकांची मतं असतात. लोकांना विचारतो तो याच संस्थेचा जागतिक भ्रष्टाचार बॅरोमीटर. मत वेगळं, अनुभव वेगळा. दोन्ही एका तक्त्यात कोंबू नका.

2012 आधीचे गुण दहापैकी होते. त्यांना दहाने गुणून आजच्या आलेखाला जोडू नका, पद्धतच बदलली आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो छेदात, म्हणजे टक्का किती जणांतून काढायचा त्यात. 2020 च्या आशिया बॅरोमीटरमध्ये भारतातला लाचेचा दर 39% होता. गेल्या 12 महिन्यांत ज्यांचं पोलीस, कोर्ट, सरकारी दवाखाना, शाळा, ओळखपत्र किंवा वीज-पाणी यांपैकी कुठे काम पडलं, त्यांच्यातले हे 39%. सगळ्या भारतीयांतले नव्हेत. करवीर तालुक्यातल्या विद्यार्थ्यांच्या एका पाहणीत नेमकं हेच चुकलं. तलाठ्याकडे कधी न गेलेलेही बेरजेत धरले आणि 'आमच्याकडे लाच नाही' असा निष्कर्ष निघाला. समजा 400 जणांना विचारलं, 120 जणांचं काम पडलं, 36 जणांनी पैसे दिले. दर 30%, 9% नव्हे. म्हणून आधी 'काम पडलं का?' विचारा, मगच पुढचा प्रश्न.

त्याच पाहणीत प्रश्न विचारला गेला तोही कचेरीच्या दारात: 'तुम्ही लाच दिली का?' कोण हो म्हणेल? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने दिली असेल तर 7 दिवसांत तक्रार करावी लागते. घरी जा, माणूस एकटा असताना विचारा, नाव लिहू नका. 'फेरफार नोंदवायला सरकारी फी सोडून वर काही द्यावं लागलं का?' असं विचारलं की लोक बोलतात. घाई असेल तर हे काम हातात घेऊ नका. गेटवर उभं राहून दिवसभरात फॉर्म भरून होतात, माहिती मिळत नाही.

आणि देशाच्या आकड्यातून कोल्हापूरचा आकडा काढू नका. 2,000 जणांच्या नमुन्यात लोकसंख्येच्या हिशेबाने आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला सहा-सात माणसं येतात. स्वतंत्र नमुना घ्या, त्यात शहराबरोबर गगनबावडा-राधानगरीच्या वाड्याही येऊ द्या.