पथ्य एकाचं, पातेलं घराचं

आधी ह्यांचं, मग दिरांचं, नंतर माझ्या भावाचं, अशी तीन घरची हृदयरोगाची पथ्यं मी जवळून पाहिली. 'बायकोने लक्ष ठेवावं' याइतका कुचकामी सल्ला दुसरा नाही.

तपासणीला दोघांनी जा. गोळ्या चहाच्या डब्याशेजारी ठेवा. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

खरी परीक्षा चुलीपाशी. ह्यांच्या अँजिओप्लास्टीनंतर दोन महिने मी दोन भाज्या केल्या: ह्यांना अळणी दुधी, आम्हाला तर्रीवाली शेवभाजी. हे मुकाट्याने जेवायचे. मग कळलं, संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे ते थेट ढाब्यावर जाऊन बसायचे! मी रागावले खूप, पण चूक माझीच. घरभर काळ्या मसाल्याचा वास आणि ताटात दुधी, कोण टिकेल?

म्हणून दुसरं पातेलं चढवूच नका. सगळ्यांना एकच भाजी. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, तेवढंच आणायचं. संपलं की संपलं. मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि पापड, लोणचं, शेव त्यातच धरायची. पापडखारातही सोडियम असतं, हे सासूबाईंना पटवायला मला वर्ष लागलं. भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी मुळीच सोडू नका. चार माणसांच्या भरिताला दोन चमचे तेलाची फोडणी पुरते, वांगं मात्र कपाशीच्या काड्यांवरच भाजा. पंधरा दिवस पोरं तोंडं वाकडी करतील. करू द्या. आणि ताटावर 'हे खाऊ नका' अजिबात म्हणायचं नाही. नको ते घरातच आणायचं नाही.

पेशंट बाई असेल तर आणखी कठीण. नवरा 'तू आराम कर' म्हणतो आणि आठ वाजता गरम भाकरीची वाट बघत बसतो. भाऊंनो, तेलाची बरणी तुमच्या हातात घ्या, निदान कणीक तरी मळा.

डॉक्टरांनी परवानगी दिली की चालायला दोघं. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने. जळगावात असाल तर मेहरूण तलाव आहेच; उन्हाळ्यात सातच्या आत घरी.

तुमची मशेरी चालू असेल तर नवऱ्याची तंबाखूची पुडी सुटणार नाही. दोन्ही एकाच दिवशी बंद.

छातीत दुखून घाम फुटला तर 'पित्त असेल' म्हणत बसू नका, १०८ लावा. नंबर दोघांनाही पाठ हवा.