पिल्लू अधाशासारखं खातंय? आधी भांडं ओढणं थांबवा

कुत्र्याचं दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू घरी आलं की आठवड्याच्या आत विचारणा सुरू होते: अर्ध्या मिनिटात भांडं साफ करतं, मग ठसकतं, कधी सगळं तसंच्या तसं बाहेर काढतं. त्याला हावरट म्हणू नका. भावंडांच्या झोंबाझोंबीत जो मागे राहिला त्याचं पोट भरत नाही, हे ते शिकून आलेलं असतं. ती धास्ती जायला काही आठवडे लागतात, आणि लोकांना फरक उद्या हवा असतो.

त्या घाईतूनच सर्वात वाईट चूक होते: खाता खाता भांडं काढून घेणं. मीही केली. माझा कुत्रा बंड्या तेव्हा तीन महिन्यांचा होता. 'मध्येच भांडं उचल, म्हणजे त्याला कळेल मालक कोण,' असं मला सांगितलं गेलं आणि मी ते दर जेवणाला करू लागले. पाचव्या दिवशी लक्षात आलं, माझं पाऊल दारात पडलं की त्याची मान ताठ होते, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतं आणि तो न चावता गिळायला लागतो. पुढच्या आठवड्यात गुरगुरला. माझ्यामुळेच त्याचा वेग वाढला होता.

ते निस्तरायला दोन महिने गेले. तो खात असताना मी लांबून जायचे, उकडलेल्या चिकनचा बिनहाडाचा, बिनमिठाचा तुकडा भांड्याजवळ टाकायचे आणि न थांबता पुढे निघायचे. एके दिवशी माझी चाहूल लागताच त्याने खाणं थांबवून वर पाहिलं, शेपूट हलवली. तेव्हा मला हायसं वाटलं. गुरगुरणाऱ्या पिल्लाला रागावू मात्र नका. तो इशारा दाबला तर पुढच्या वेळी ते थेट चावेल.

भांड्यात दगड ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दात तुटतो, किंवा दगडच पोटात जातो.

स्लो फीडर, म्हणजे खाणं हळू व्हावं म्हणून आत खाचा असलेलं भांडं, चांगला, पण पहिल्याच दिवशी खोल खाचांचा नको. पिल्लू वैतागून प्लास्टिकच कुरतडतं, आणि चपट्या तोंडाच्या जातींना तर तळापर्यंत पोचताच येत नाही. मी सुरुवातीला काहीच विकत घेत नाही. कोरडे दाणे मोठ्या पसरट ताटात विखरते, नाहीतर जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवते. नाकाने हुंगत एकेक दाणा शोधताना पिल्लू आपोआप शांत होतं. कधी दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करते.

दोन कुत्र्यांची भांडी शेजारी शेजारी ठेवू नका. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला दोनच वेळा जेवायला घालू नका. तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. पोट टम्म, अंग मात्र बारीक आणि भूक भागतच नाही, असं असेल तर जंतांचा संशय घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. लिक मॅटवर, म्हणजे चाटून खायच्या खडबडीत चटईवर, पीनट बटर लावणार असाल तर डब्यावरचे घटक वाचा. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नको, तो कुत्र्यांना विषारी आहे.

जेवणानंतर तासभर पळापळ नको. मोठ्या, खोल छातीच्या जातीचं कुत्रं घाईने खात असेल तर हे मोठेपणीही पाळा. पोट ढोलासारखं ताणलंय, उमासे येतायत पण काहीच पडत नाही, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, तसेच दवाखान्यात न्या.