पीनट बटरची बरणी कशी पारखावी

पीनट बटर निवडताना बरणीवरील चित्राआधी आतल्या तेलाकडे पाहावे, कारण या पदार्थाच्या मोठ्या ब्रँडांचा इतिहास त्या तेलाभोवतीच घडलेला आहे. भाजलेले शेंगदाणे बारीक वाटले की त्यांचे तेल सुटते, कालांतराने ते वर तरंगते आणि तळाशी घट्ट गोळा उरतो. असा थर दिसला म्हणून माल खराब झाला असे समजू नये; तेल बांधून ठेवणारे काही त्यात घातलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

मार्सेलस एडसन यांना शेंगदाण्याच्या लगद्याचे अमेरिकी पेटंट १८८४ मध्ये मिळाले होते, परंतु तेल वेगळे होऊन माल खवट होत असल्यामुळे तो दूरच्या बाजारांत पाठवणे बराच काळ अवघड राहिले. ही अडचण जोसेफ रोझफील्ड यांनी १९२०च्या दशकात सोडवली. तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते घट्ट केले, तर बरणी महिनोन्‌महिने एकजीव राहते, हे त्यांनी दाखवले. त्यांची पद्धत वापरणारा ब्रँड १९२८ मध्ये पीटर पॅन या नावाने पुढे आला. पुढे तो ब्रँड बनवणाऱ्या कंपनीशी बिनसल्यावर रोझफील्ड यांनी स्वतःचा स्किपी हा ब्रँड काढला आणि दाण्यांचे तुकडे घातलेला प्रकारही लोकप्रिय केला. प्रॉक्टर अँड गॅम्बलचे जिफ १९५८ मध्ये आले आणि १९८०च्या दशकापासून अमेरिकेत ते विक्रीत आघाडीवर राहिले आहे.

आता लेबल वाचावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, म्हणून शेंगदाण्यानंतर लगेच काय येते ते पाहावे. अमेरिकेत पीनट बटर म्हणवणाऱ्या मालात किमान ९० टक्के शेंगदाणे असावे लागतात. सरकारने १९५९ मध्ये ९५ टक्क्यांचा प्रस्ताव मांडला होता. उत्पादकांनी तो इतका लांबवला की शेवटी ९० टक्क्यांचा हा नियम लागू होण्यास १९७१ उजाडले. ग्राहकांसाठी झगडणाऱ्यांनी या नियमावरील सरकारी सुनावण्यांत दाखवलेली चिकाटी मला आजही मोलाची वाटते. त्याच नियमानुसार तेल बांधण्यासाठी हायड्रोजनीकृत वनस्पती तेलच चालते, म्हणून त्याऐवजी पाम तेल वापरलेल्या बरण्यांवर बहुधा ‘स्प्रेड’ असे लिहिलेले आढळते. नावातील हा एक शब्द नजरेतून सुटू देऊ नये.

चवीची तुलना करायची असल्यास दोन ब्रँड शेजारी ठेवून, कशालाही न लावता, नुसते चाखावेत. नेहमीच्या जिफमध्ये साखरेबरोबर थोडी मोलॅसिस म्हणजे उसाची मळीही असते, तर नेहमीच्या स्किपीमध्ये ती नसते. त्यामुळे पहिल्यात किंचित गुळचट छटा जाणवते आणि दुसऱ्यात भाजलेल्या दाण्याची चव अधिक ठळक वाटते.

केवळ शेंगदाणे, किंवा शेंगदाणे आणि मीठ, एवढेच असलेली बरणी घेतल्यास ती उघडण्यापूर्वी झाकण घट्ट असल्याची खात्री करून रात्रभर उलटी ठेवावी, म्हणजे तेल आपोआप तळाच्या गोळ्यात शिरते. त्यानंतर लांब, बोथट सुरीने तळापासून वर सावकाश ढवळावे. तेल ओतून टाकू नये, कारण उरलेला भाग कोरडा आणि फासण्यास कठीण होतो. ढवळून झाल्यावर बरणी फ्रिजमध्ये ठेवावी; थंडीमुळे तेल पुन्हा लवकर वर येत नाही आणि खवटपणाही लांबतो.