टेप लावा, पण भाकरी सोडू नका

मी सेलूला शिलाईकाम करते. २२ वर्षं बायकांची मापं घेतेय. माझं स्वतःचं मापही वहीत आहे: मशीनला मोटर बसवली त्या वर्षी कंबर ३२ इंच, तीन वर्षांनी ३६.

चाळिशीनंतर शरीर मंदावतं, काहीही खा, अंगालाच लागतं, असं मी मानायचे. परभणीला गृहविज्ञान शिकलेल्या लेकीनं ते खोडून काढलं. २९ देशांतल्या सहा हजारांवर माणसांची मोजणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. अंगकाठीचा हिशेब धरला, तर ऊर्जा जाळण्याची गती विशीपासून साठीपर्यंत जवळपास तीच राहते. घटली होती ती माझी हालचाल. पायमशीनवर दिवसभर पाय तरी चालायचे.

आधी माप नीट घ्या. सकाळी चहाच्या आधी, श्वास सोडून, टेप न आवळता. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध. परकराची नाडी बांधतो तिथं नको, ती जागा खाली येते. बायकांना ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, आणि पुरुषांना ९० ही मर्यादा.

मी पहिल्यांदा भाकरी सोडली, ते तुम्ही करू नका. तिच्या जागी चहा-टोस्ट आले, पोट साफ होईना आणि दर दोन तासांना भूक. ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम तंतू (फायबर) असतो, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. हा तंतू आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यावर जगतात. त्यापासून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. पोट भरल्याची खूण देणारी संप्रेरकंही या आम्लांमुळे स्रवतात. मात्र जिवाणूंची पावडर घेऊन वजन उतरेल असं कुणी सांगितलं, तर पैसे घालू नका. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं ते सगळं माणसांत दिसलेलं नाही.

मी सकाळी आंबील घेते. दोन चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून रात्री झाकून ठेवायचं. सकाळी उकळत्या पाण्यात सोडून, लसूण-जिरं-मीठ घालून शिजवायचं. शिजवताना ताकातले जिवाणू मरतात, म्हणून कोमट झाल्यावर वरून ताजं ताक घाला. दुपारी भाकरी, वरण, अंबाडी किंवा हरभऱ्याची भाजी. एवढा तंतू एकदम वाढवलात तर पोट फुगेल. पंधरा दिवस हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

तेलाकडं लक्ष द्या, बायांनो. चहाच्या एका चमचाभर तेलात चाळीसच्या वर कॅलरी असतात, आणि आमटीवरची तर्री कुणी मोजत नाही. मी महिन्याचं तेल वेगळ्या बरणीत काढते.

वजन अचानक वाढलं, पाळी बिघडली, सारखी थंडी वाजत असेल, तर आधी थायरॉईड तपासा. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवण बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मी दर दोन ब्लाउजांमागे उठून अंगणात पाच फेऱ्या मारते. पाडव्याला टेप ३६ वर होता, दिवाळीच्या ब्लाउजांची घाई सुरू झाली तेव्हा ३४ वर.