लॅपटॉप घेताना जे नंतर बदलता येत नाही, ते आधी बघा

बारावीचे निकाल लागले की लॅपटॉपच्या दुकानांत गर्दी होते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आय-फाइव्ह आहे ना?" पण आय-फाइव्ह हे इंटेल कंपनीच्या एका प्रोसेसरचं नाव नाही, ते घराण्याचं आडनाव आहे. 'आय-फाइव्ह, १६ जीबी, एकदम स्वस्त' म्हणून मिळणारा रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून पुन्हा विकलेला) लॅपटॉप सातव्या पिढीचा निघाला, तर त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे जुना इंटेल घ्यायचाच असेल, तर आठव्या पिढीच्या मागे जाऊ नका.

खरेदीचा हिशोब सोपा ठेवा. प्रोसेसर, स्क्रीन आणि वजन नंतर बदलता येत नाही. एसएसडी (फाइली साठवायची जागा) बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येते. रॅम (चालू कामापुरती मेमरी) काहींत वाढते, काहींत अजिबात नाही. पैसे आधी न बदलणाऱ्या गोष्टींवर घाला.

प्रोसेसर: पूर्ण नंबर वाचा

कोअर आय५-१२३५यू या नावात १२ ही पिढी आणि शेवटचा 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा. शेवटी 'एच' असेल तर ताकद जास्त, पण उष्णताही जास्त आणि बॅटरी लवकर उतरते. कॉलेज आणि घरच्या कामाला 'यू' पुरतो. इंटेलच्या नव्या नावांतून 'आय' गेला आहे (कोअर ५, कोअर अल्ट्रा ५), पण पुढचा नंबर वाचायचाच.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमध्ये फसगत जास्त होते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारीशेजारी ठेवलेले असतात. फरक एका आकड्याचा, म्हणून लोक स्वस्त तो उचलतात. या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो: २ म्हणजे जुनी झेन २, ३ म्हणजे झेन ३. पहिल्यात ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, दुसऱ्यात ६. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावर सोल्डर केलेलीच येते, म्हणजे ती नंतर बदलता येत नाही. थोडे पैसे वाचवून पुढची चार वर्षं अडकून पडायचं, असा तो सौदा आहे.

सेलेरॉन एन४५०० सारखे दोन कोअरचे प्रोसेसर टाळा. व्हिडिओ कॉल चालू असताना ब्राउझरमध्ये पीडीएफ उघडली की ते हँग होतात, आणि त्यावर नंतर काहीच उपाय नसतो.

रॅम: किती, यापेक्षा कशी बसवली आहे

विंडोज ११ सुरू झाल्यावरच साधारण ३ ते ४ जीबी खाते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर डिस्प्लेसाठीही थोडी रॅम बाजूला जाते. त्यामुळे ८ जीबी म्हणजे आजची गरज कशीबशी भागते. चार वर्षं वापरायचा असेल तर १६ घ्या. बजेट कमी असेल तर ८ जीबी आणि एक रिकामा स्लॉट असलेलं मॉडेल बघा. पुढच्या वर्षी ८ ची दुसरी स्टिक टाकली की रॅम दुप्पट होते आणि दोन्ही स्टिक एकत्र चालल्याने अंगच्या ग्राफिक्सलाही वेग येतो. स्टिक घेताना डीडीआर४ की डीडीआर५ ते बघून घ्या, एकाची खाच दुसऱ्यात बसत नाही.

स्पेसिफिकेशनमध्ये 'एलपीडीडीआर' लिहिलं असेल तर ती रॅम जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते. दुकानातच खात्री करा: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'एसओडीआयएमएम' असेल तर काढता येणारी स्टिक आहे. 'रो ऑफ चिप्स' असेल तर सोल्डर केलेली. त्याच ठिकाणी 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं, पण सोल्डर केलेल्या रॅमलाही विंडोज स्लॉट म्हणून मोजते, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर जाऊ नका.

स्टोरेज

५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी घ्या. विंडोजमध्ये ती ४७६ दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, त्यात फसवणूक नाही. ६४ जीबी ईएमएमसीवाला (एसएसडीऐवजी बोर्डावरच चिप असलेला) लॅपटॉप मात्र घेऊ नका. अपडेट आलं की जागा संपते, आणि ती चिप बदलताही येत नाही.

स्क्रीन आणि बॅटरी

१९२० बाय १०८० आणि आयपीएस (कोनातून बघितलं तरी रंग नीट दाखवणारं पॅनेल), याखाली उतरू नका. स्क्रीन मागे झुकवून बघा. रंग उलटेपालटे दिसले तर पॅनेल टीएन, म्हणजे हलक्या प्रकारचं आहे. २५० निट्स उजेड घरात चालतो, खिडकीजवळ किंवा कॉलेजच्या व्हरांड्यात बसून काम असेल तर ३०० च्या वर हवा. '४५ टक्के एनटीएससी' म्हणजे फिके रंग. डिझाइन शिकणाऱ्यांनी १०० टक्के एसआरजीबी (रंगांचं दुसरं माप) मागावं.

बॅटरीचे जाहिरातीतले तास विसरा, वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते विचारा. साध्या कामात लॅपटॉप साधारण ८ ते १० वॉट खातो, म्हणून ४२ वॉट-अवरला चार-पाच तास धरा. दिवसभर कॉलेज असेल तर ५० च्या वर हवेत. लोकलने जाणाऱ्याने वजन चार्जरसकट धरावं. टाइप-सी चार्जिंग असेल तर बिघडलेल्या चार्जरला पर्याय सहज मिळतो.

शाखेप्रमाणे

कॉमर्सला टॅली लागते आणि ती विंडोजची आहे. मेकॅनिकल आणि सिव्हिलला सॉलिडवर्क्स, रेव्हिट ही डिझाइनची सॉफ्टवेअर लागतात, तीही विंडोजवरच. इथे वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचे पैसे वसूल होतात. मोबाइल अॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह (स्क्रीनवरच्या नकली फोनसह) चालवायचा तर १६ जीबी लागतेच. बाकीच्यांनी ग्राफिक्स कार्डाचे पैसे रॅम आणि स्क्रीनवर घालावेत. मॅक किंवा स्नॅपड्रॅगनचा (मोबाइलसारख्या रचनेच्या प्रोसेसरचा) लॅपटॉप घेण्याआधी विभागात कुठली सॉफ्टवेअर वापरतात ते विचारा, आणि स्नॅपड्रॅगनला घरच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो का तेही तपासा.

घरात मराठीत टाइप करायचं असेल तर वेगळं काही विकत घ्यायला नको. सेटिंग्जमध्ये भाषेखाली मराठी जोडा आणि फोनेटिक कीबोर्ड निवडा. विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदलते. किमतीत 'डॉस' किंवा 'लिनक्स' लिहिलं असेल तर विंडोजचा खर्च वेगळा धरा.

खोका उघडल्यावर

बदलून मिळण्याची मुदत आहे तोवर तपासून घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करा. तयार झालेल्या फाइलमध्ये 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' शेजारी ठेवून बघा. नव्या मशीनमध्ये दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. रिफर्बिश्डमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीचा खर्च किमतीत मिळवा. पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या चित्रावर डेड पिक्सेल शोधा, प्रत्येक यूएसबी पोर्टात पेनड्राइव्ह घालून बघा, बिजागरी उघडताना कर्रकर्र करते का ऐका.

चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर लगेच लॅपटॉप परत करायला धावू नका. बऱ्याचदा घरच्या सॉकेटला अर्थिंग नसतं किंवा चार्जर दोन पिनांच्या बोर्डात लावलेला असतो. तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून बघा, आणि तरीही झिणझिण्या थांबल्या नाहीत तर वॉरंटीत दाखवा.