इंदूरात राहून आतली सूज कमी कशी करायची (पोहे न सोडता)

मागच्या पावसाळ्यात फुल बॉडी चेकअपची ऑफर आली होती म्हणून आमच्या ह्यांनी आणि मी दोघांनी करून घेतलं, संध्याकाळी मोबाईलवर पंधरा पानांचा रिपोर्ट, आणि माझ्या एचएस-सीआरपी ह्या आतली सूज मोजणाऱ्या रक्ततपासणीसमोर ११.४ आणि बाजूला लाल बाण, खाली एक ओळ की हृदयविकाराचा धोका जास्त. झालं, रात्रभर मी पंखा बघत पडले. सकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी रिपोर्ट नीट बघायच्या आधीच विचारलं, "ताप कधी येऊन गेला?" चार दिवस आधीच वायरलमधून उठले होते मी! ते म्हणाले ही टेस्ट आत्ता करायचीच नव्हती, तीन आठवड्यांनी परत करा. केली, २.९ आली.

तर पहिली गोष्ट हीच, की हा आकडा वाचायचा कसा. सीआरपी आपलं लिव्हर बनवतं, शरीरात कुठेही सूज-इन्फेक्शन असलं की ते वाढतं. एचएस-सीआरपी (मिलिग्राम प्रति लिटरमध्ये) १ च्या खाली असेल तर हृदयाच्या दृष्टीने धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर गेला तर बहुतेक वेळा ताजं इन्फेक्शन किंवा कुठलीतरी दुखापत असते, तेव्हा घाबरायचं नाही, बरं होऊन दोन-तीन आठवड्यांनी परत करायची. त्यासाठी उपाशीपोटी जायची पण गरज नसते. माझा २.९ म्हणजे काठावरचाच, म्हणून मग वाचायला घेतलं आणि घरात काय-काय बदललं ते इथे लिहितेय.

सूज म्हणजे पाय मुरगळला की येते ती नाही हां. ती चांगली सूज, येते, काम करते, जाते. इथे आपण बोलतोय ती मंद आंचेवरची, दिसत नाही, दुखत नाही, वर्षानुवर्षं आत चालू असते. आणि ती बनवण्याचा मोठा कारखाना कुठे आहे तर पोटात, आतड्यांच्या आजूबाजूला साठलेल्या चरबीत. त्या चरबीच्या पेशी फुगल्या की तिथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं रक्तात सोडत राहतात. टीएनएफ-अल्फा इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं, तिथून शुगरची वाट सुरू होते, इंटरल्यूकिन-६ लिव्हरला सीआरपी बनवायला लावतं, आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल शिरतं तिथे अशाच रोगप्रतिकारक पेशी जाऊन तिथे साचलेली गाठ कच्ची करतात, एक दिवस फुटते आणि वर रक्त गोठतं, तो हार्ट अटॅक. २०१७ मध्ये कॅन्टोस नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त ही सूज कमी करणारं इंजेक्शन दहा हजारांवर हृदयरोग्यांवर वापरून पाहिलं तर हार्ट अटॅक-स्ट्रोक वगैरे साधारण १५ टक्के कमी झाले, म्हणजे सूज खरोखरच गुन्हेगार आहे, नुसती साक्षीदार नाही. पण त्याच इंजेक्शनने जीवघेणी इन्फेक्शन्सही थोडी वाढली. म्हणून सूज शून्य करायच्या मागे लागायचं नसतं, आंच कमी करायची.

आता कुणी म्हणेल आम्ही कुठे जाडे आहोत. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडचे सहकारी जॉन युडकिन ह्या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२! स्वतःचाच फोटो देऊन त्यांनी दाखवलं की आपण भारतीय बारीक दिसतो पण आतून तुपकट असतो. त्यामुळे वजनकाट्यापेक्षा शिंप्याचा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता (आमचे हे ओढतात, मी दोनदा मोजते). आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० ही हद्द. ह्यांची ९८ भरली.

आता जेवणाचं. पोह्यांपासून सुरू करते कारण इंदूरच्या माणसाला पोहे सोडायला सांगितलं तर तो पुढचं वाचणारच नाही. आपल्या इंदुरी पोह्यांचं एक बरं असतं की ते वाफेवर ठेवलेले असतात, तेलात परतून-परतून केलेले नसतात. अडचण पोह्यांची नाही, वर मूठभर सेव पडते, सोबत जलेबी येते, आणि त्या प्लेटमध्ये डाळ-भाजी काही म्हणजे काहीच नसतं. म्हणून ठेल्यावर गेलात तर उसळ-पोहे मागा, सेव अर्धी, कांदा-लिंबू डबल, जीरावन (वर भुरभुरवायचा इंदुरी मसाला) हवं तर थोडंच, त्यात मीठ असतं. घरी मी काय करते, चार जणांना पोहे आधीपेक्षा कमी भिजवते, तेवढेच मटार किंवा मोड आलेले मूग, वर भाजलेले शेंगदाणे. पहिल्या दिवशी हे ताटलीकडे बघून म्हणाले, "अगं, ह्यात पोहे शोधायचे का?" मी म्हटलं, "शोधा ना अहो, सापडतील." आता सवय झालीये. जलेबी रविवारी, एक, आणि पोहे खाऊन झाल्यावर. रिकाम्या पोटी आधी जलेबी हा जो प्रकार आहे तो बंद, कारण आधी भाजी-डाळ आणि नंतर भात-पोळी-गोड ह्या क्रमाने खाल्लं की तेच जेवण असून शुगर कमी उसळते.

तेलाचं गणित मी एकदा डबा घेऊनच केलं. आमच्याकडे चार माणसांत महिन्याला पाच लिटरचा डबा संपायचा. पाच लिटर म्हणजे साधारण ४.६ किलो, चौघांत भागलं तर माणशी दिवसाला ३८ ग्राम, आणि हे फक्त घरातलं हां, नमकीन, कचोरी, समोसे वेगळे. आता तीन लिटरवर आणलंय, म्हणजे २३ ग्रामच्या आसपास. कसं, तर बाटलीतून ओतणं बंद केलं, कढईत तेल फक्त चमच्याने. एवढंच. कुठलं तेल ह्यावर आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर रोज भांडण असतं, सोयाबीन तेलाने सूज वाढते असे मेसेज फिरतात, आणि गंमत म्हणजे आपण मालव्यात राहतो, सोयाबीनच्या गढीत, देशाची सोयाबीन संशोधन संस्थापण इंदूरातच आहे! खरं असं आहे की त्यातल्या लिनोलिक ॲसिडने (हे एक ओमेगा-६ फॅट) सूज वाढते हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसलेलं नाही, उलट सोयाबीन तेलात थोडं ओमेगा-३ पण असतं. शेंगदाण्याचं, सरसोंचं, सोयाबीनचं, आलटून-पालटून काहीही वापरा, पण कमी. खरी भानगड परत-परत तापवलेल्या तेलाची. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियम आहे की तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाऊंड्स (तेल तापून बिघडलं की बनणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल फेकायचं. आपल्याला मशीन लावता येत नाही, पण डोळ्याला कळतं, तेल काळपट-चिकट झालंय, वर बारीक फेस बसत नाहीये, मंद आंचेवरच धूर येतोय, तर त्या कढईसमोरून पुढे सरका, भले दुकान कितीही नामी असो. घरी पुऱ्यांचं उरलेलं तेल दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, परत तळणाला नको. डालडा-टाईप फॅटमध्ये ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम जानेवारी २०२२ पासून आहे, तरी बिस्किट-खारी-टोस्टच्या पाकिटावर हायड्रोजनेटेड शब्द दिसला की मी परत ठेवते.

आता जी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते ती म्हणजे चोथा, फायबर. आपण विचारतो काय बंद करू, पण आपल्या ताटात जे नाहीये त्याने जास्त बिघडतं. आतड्यातले चांगले जंतू फायबर खाऊन ब्युटिरेट नावाचं ॲसिड बनवतात, ते आतड्याच्या अस्तराचं खाणं आहे आणि सूज आवरतं. फायबर मिळालं नाही तर अस्तर कमजोर पडतं आणि जंतूंचे तुकडे रक्तात झिरपून सूज वाढू शकते. दिवसाला ३० ग्राम तरी हवं. शंभर ग्राम मैद्यात जेमतेम ३ ग्राम असतं, पांढऱ्या तांदळातही तेवढंच, तर चक्कीच्या कणकेत ११, ज्वारीत १०, आख्ख्या हरभऱ्यात २५ च्या आसपास. म्हणून आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस रात्री ज्वारीची भाकरी (सासूबाई म्हणतात आमच्या लहानपणी मालव्यात ज्वारी-मक्काच होता, गहू सणाला, तुम्ही आता पैसे देऊन परत तिकडेच चाललात), रोज एक वाटी आख्खी कडधान्याची उसळ, कणीक चाळायची नाही. आणि जवसाची चटणी. जवस कोरडं मंद भाजायचं, तडतडलं की उतरवायचं, लसूण-तिखट-मीठ घालून बारीक कुटायचं, बारीकच, आख्खं जवस जसंच्या तसं बाहेर जातं. थोडीच करा, आठ-दहा दिवसांत खवट होते. फायबर एकदम वाढवू नका, गॅसेसने घर सोडावं लागेल, आठवड्या-आठवड्याने वाढवा आणि पाणी प्या.

साखरेचं पटकन सांगते. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३० ग्रामच्या वर झालीच, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ च्या आत असेल तर उत्तम. मी दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी केला, कुणाला कळलंही नाही. गूळ घातला म्हणून सूट नाही.

सराफा, आमचा रात्रीचा खाऊबाजार! पाहुणे आले की जावंच लागतं, आणि जावंच. पण रात्री साडेदहाला गराडू (तळलेला कंद), मग दहीवडा, मग भुट्ट्याचा कीस, मग रबडी आणि बाराला घरी येऊन आडवं, हे महिन्यातून एकदा ठीक. आमचा नियम असा की घरून भाजी-डाळ खाऊन निघायचं, चौघांत दोन प्लेट, आणि राजवाड्याला एक चक्कर मारूनच गाडीत बसायचं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी शुगर खाली येते. दाल-बाफल्यांच्या (बाफला म्हणजे बाटीसारखा कणकेचा गोळा) रविवारीपण तेच, आधी काकडी-कांदा आणि डाळ, बाफला एक, आणि तूप वरून चमच्याने, बाफला तुपात बुडवायचा नाही. (हे लिहिताना हात थरथरतोय, पण काय करणार.)

उपासाला साबुदाणा खिचडी, बटाट्याचे चिप्स, वर साबुदाण्याची खीर, एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी उगाच म्हटलेलं नाही. राजगिरा, भगर, शेंगदाणे, दही, फळं ह्यांवर उपास छान होतो.

हळदीवर लोक भांडतील माझ्याशी. भाजीत-दुधात हळद घाला, घालत आलोच आहोत, पण हळदीत करक्युमिन साधारण ३ टक्केच असतं आणि ते अंगी लागतं अगदी थोडं. मग लोक काळीमिरीवाल्या कॅप्सूल घेतात, त्याने ते जास्त शोषलं जातं खरं, पण जास्त डोसच्या अशा कॅप्सूलने काही जणांच्या लिव्हरला इजा झालेली आहे, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय बिलकुल नको. आमच्या शेजारच्या काकू अशा डब्ब्याला दर महिन्याला एवढे पैसे घालतात की त्यात घरभर अक्रोड आले असते. २०१८ मध्ये परत तपासून छापलेल्या स्पेनच्या प्रेडिमेड ट्रायलमध्ये साडेसात हजारांच्या आसपास लोक होते, ऑलिव्ह ऑईल किंवा सुकामेवा असलेल्या साध्या जेवणाने हार्ट अटॅक-स्ट्रोक सुमारे ३० टक्के कमी झाले. तिथेही जादूची पुडी नव्हती, भाज्या, डाळी, फळं, मासे, दाणे. आपल्याला ऑलिव्ह ऑईल आणायची गरज नाही, मूठभर शेंगदाणे आणि दोन अक्रोड चालतात.

जेवणाबाहेरच्या दोन गोष्टी. गुटख्याचा पाऊच-सिगरेट चालू असेल तर वरचं सगळं करूनही आंच फारशी उतरायची नाही, आणि झोप सहा तासांच्या खाली असेल तरी तेच.

आणि हे नीट वाचा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी एकदम कमी करू नका, शुगर धाडकन खाली जाते, आधी डॉक्टरांना सांगून डोस बघून घ्या. किडनीचा त्रास असेल तर डाळी-दाणे-फळं किती हे त्यांनाच विचारा. संधिवाताची, बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी जेवण सुधारलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही, जेवण गोळीच्या सोबत आहे, तिच्या जागी नाही.

टेस्ट परत कधी? तीन महिने तरी जाऊ द्या, त्याआधी फक्त टेप. ह्यांची कंबर साडेतीन महिन्यांत ९४ वर आलीये. माझी सीआरपी मी अजून केलेली नाही, कारण मध्येच दाढ सुजली, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या तरी हा आकडा वाढतो हे डेंटिस्टनेच सांगितलं. रूट कॅनालची दोन सिटिंग बाकी आहेत, ती झाली की पंधरा-वीस दिवसांनी करणार, आणि ह्या वेळी आधी डॉक्टरांना विचारून.